घरातील सर्व संगणकांना एकच इंटरनेट आणि एकच प्रिंटर: जोडणी, मांडणी आणि अडचणी

पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन प्रिंटर असलेल्या खोलीत जायचे, तिथला संगणक सुरू होईपर्यंत थांबायचे आणि मग सातबाऱ्याची किंवा शाळेच्या अर्जाची एक प्रत काढायची, हा प्रकार अजूनही पुष्कळ घरांत चालतो. वास्तविक ज्या घरात फायबरचा राउटर बसलेला आहे तिथे नेटवर्क आधीच तयार असते. सर्व संगणकांना इंटरनेट मिळते ते त्या नेटवर्कमुळेच, आणि प्रिंटरही त्याच वाटेने सर्वांना देता येतो. पुढील मांडणीसाठी एक साधे घर डोळ्यांसमोर ठेवू: दिवाणखान्यात इंटरनेट कंपनीने बसवलेला राउटर, आतल्या खोलीत विंडोज ११ असलेला डेस्कटॉप, दोन लॅपटॉप आणि एक इंक टँक प्रिंटर.

एकही तार जोडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: या घरातील कोणते यंत्र दिवसभर चालू असते? जी वस्तू सर्वांनी वापरायची आहे ती त्या यंत्राला जोडलेली असावी. बहुतेक घरांत याचे उत्तर राउटर हेच असते. डेस्कटॉप कामापुरता चालू होतो, लॅपटॉप मिटून दप्तरात जातात. त्यामुळे इंटरनेट असो वा प्रिंटर, ते शक्यतो राउटरवरून वाटावे आणि संगणकावरून वाटण्याचा मार्ग दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. वीज वारंवार जात असेल तर राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडल्यास हे 'नेहमी चालू' असणे खरे ठरते. मात्र घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावेत, कारण काही राउटर नऊ व्होल्टवरही चालतात.

राउटर आणि पत्ते

इंटरनेट कंपनी घराला सहसा बाहेरच्या जगात दिसणारा एकच पत्ता देते आणि राउटर घरातील प्रत्येक उपकरणाला स्वतःकडून एकेक खासगी पत्ता वाटतो. हे खासगी पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. काही कंपन्यांच्या राउटरवर ते १० ने सुरू झालेले दिसतात. पत्ते वाटण्याचे काम करणाऱ्या सोयीला डीएचसीपी म्हणतात आणि एका घरात हे काम एकाच यंत्राने करावे, हा नियम पुढे वारंवार लागेल.

संगणकाला कोणता पत्ता मिळाला आहे हे पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या ओळीसमोर १९२.१६८.१.२३ असा काही आकडा आणि 'डिफॉल्ट गेटवे' समोर राउटरचा पत्ता दिसेल. तिन्ही संगणकांवर ही आज्ञा देऊन पाहावी. पहिले तीन आकडे सर्वत्र सारखे आणि शेवटचा वेगळा असेल, तर साध्या घरगुती मांडणीत सर्व संगणक एकाच नेटवर्कमध्ये आहेत असे समजावे. एखाद्या संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. अशा वेळी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शिरण्यात अर्थ नसतो; आधी तार किंवा वाय-फाय तपासावे.

याच बैठकीत राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन कामे उरकावीत. डिफॉल्ट गेटवेचा आकडा ब्राउझरमध्ये लिहिला की राउटरचे पान उघडते आणि त्याचे मूळ नाव व पासवर्ड बहुधा डब्याखालच्या चिठ्ठीवर असतो. पहिले काम म्हणजे तो पासवर्ड बदलणे. दुसरे, वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए२ व ३ मिश्र अशी ठेवणे. केवळ डब्ल्यूपीए३ ठेवल्यास जुने प्रिंटर जोडले जात नाहीत. तिसरे, 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' ही सोय बंद आहे ना ते पाहणे. ती चालू असेल तर प्रत्येक उपकरणाला इंटरनेट मिळते, पण उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत. पाहुण्यांसाठीचे गेस्ट नेटवर्कही मुद्दाम असेच बनवलेले असते, म्हणून घरातील एखादा लॅपटॉप चुकून त्यावर राहिला असेल तर त्याला प्रिंटर कधीच सापडणार नाही.

मागच्या खोलीत वाय-फाय पोहोचत नसेल तर

५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय वेगवान असते, पण भिंती त्याला लवकर अडवतात, २.४ गिगाहर्ट्झ लांब जाते, मात्र इमारतीतील प्रत्येक घराचा राउटर त्याच पट्ट्यात असल्याने तिथे गर्दी होते. डेस्कटॉप जागचा हलत नसल्यामुळे त्याला तारेने जोडणेच शहाणपणाचे. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची तार १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरात अंतराची चिंता करण्याचे कारण नाही. तार ओढून झाल्यावर तिचा वेग जरूर पाहावा. जोडणी २०० किंवा ३०० एमबीपीएसची असूनही तारेवर वेग ९५ च्या आसपासच अडकत असेल, तर बहुधा कनेक्टर नीट क्रिंप झालेला (तारेच्या टोकावर पक्का दाबून बसवलेला) नसतो. १०० एमबीपीएसला तारेतील चारपैकी दोनच जोड्या पुरतात आणि १ गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी सुटली की जोडणी मुकाट्याने खालच्या वेगावर येते आणि इंटरनेट कंपनीला निष्कारण बोल लागतो. अर्थात राउटरचे किंवा संगणकाचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असेल तर तार बदलून वेग वाढणार नाही, हेही तपासून घ्यावे.

कपाटात जुना राउटर पडून असेल तर मागच्या खोलीसाठी तो उत्तम कामाला येतो, मात्र तो कोणत्या छिद्राने जोडला जातो यावर सगळे अवलंबून असते. जुना राउटर आधी एकट्या संगणकाला जोडून त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा आणि हा पत्ता मुख्य राउटर आणखी कोणाला वाटणार नाही याची खात्री करावी. मग त्यावरील डीएचसीपी बंद करावे, वाय-फायला मुख्य राउटरचेच नाव आणि पासवर्ड द्यावा, आणि २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल वेगळा निवडावा. १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. शेवटी मुख्य राउटरच्या लॅन (घरातील उपकरणांसाठीच्या) पोर्टमधून आलेली तार जुन्या राउटरच्याही लॅन पोर्टमध्येच घालावी आणि वेगळ्या रंगाचे, बाहेरून इंटरनेट येण्यासाठीचे वॅन पोर्ट रिकामे ठेवावे. सवयीने तार वॅन पोर्टमध्ये घातली की घरात दोन वेगवेगळी नेटवर्क तयार होतात. इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चालते, म्हणून काही बिघडले आहे हे लक्षातही येत नाही, आणि एका बाजूचा प्रिंटर दुसऱ्या बाजूच्या लॅपटॉपला का दिसत नाही याचा शोध मात्र दिवसभर चालतो. राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा तयार पर्याय असेल तर तो निवडावा. तो हे बदल स्वतः करतो, आणि मग तार कोणत्या पोर्टमध्ये घालायची ते त्या राउटरच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे.

राउटरच नसेल तर

फायबर अजून पोहोचलेले नाही आणि इंटरनेट फक्त मोबाइलवर आहे, अशा घरात संगणकाला मधला दुवा करता येते. मोबाइल यूएसबी केबलने डेस्कटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट केबलवरून संगणकाला देण्याची सोय, सुरू करावे. यात मोबाइल चार्जही होत राहतो. त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' खालील 'मोबाइल हॉटस्पॉट' सुरू केल्यास डेस्कटॉपच्या वाय-फायवरून आठ उपकरणांपर्यंत इंटरनेट देता येते. डेस्कटॉपला वाय-फाय नसेल तर विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून चालत आलेली जुनी वाट आहे. 'रन' चौकटीत 'एनसीपीए.सीपीएल' असे इंग्रजीत लिहून नेटवर्कची यादी उघडावी, मोबाइलच्या जोडणीवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि त्यातील 'शेअरिंग' मध्ये इतरांना ही जोडणी वापरू देण्याच्या पर्यायावर खूण करावी, आणि खाली इथरनेट निवडावे. डेस्कटॉपचे इथरनेट पोर्ट आता १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेते आणि पुढच्या उपकरणांना पत्ते वाटू लागते. त्या पोर्टला थेट दुसरा संगणक जोडता येतो, किंवा जुना राउटर वर सांगितल्याप्रमाणे डीएचसीपी बंद करून जोडल्यास सर्व घराला वाय-फाय मिळते. डेस्कटॉप बंद झाला की सर्वांचे इंटरनेट बंद, ही या मांडणीची किंमत आहे.

प्रिंटर थेट नेटवर्कवर

प्रिंटरला वाय-फाय किंवा इथरनेट पोर्ट असेल तर तो राउटरलाच जोडावा आणि यूएसबी केबल गुंडाळून ठेवावी. अनेक घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल आणि प्रिंटर जोडला जात नसेल, तर जोडणीपुरते ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवावे. जोडणी प्रिंटरच्या पडद्यावरून, कंपनीच्या ॲपवरून किंवा राउटरवरील डब्ल्यूपीएस बटणाने होते. ती झाल्यावर प्रिंटरवरून नेटवर्कचा अहवाल छापून घ्यावा. त्यावर प्रिंटरचा पत्ता आणि मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो.

हा अहवाल पुढच्या पायरीसाठी लागतो, आणि ही पायरी बहुतेक जण गाळतात. राउटर पत्ते कायमचे देत नाही; वीज जाऊन आल्यावर प्रिंटरला नवा पत्ता मिळू शकतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. म्हणून राउटरच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' अशा नावाखाली प्रिंटरचा मॅक ॲड्रेस देऊन एक पत्ता, समजा १९२.१६८.१.५०, त्याच्यासाठी राखून ठेवावा आणि प्रिंटर एकदा बंद करून सुरू करावा.

आता प्रत्येक संगणकावर कंपनीच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) बसवून 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' मध्ये प्रिंटर जोडावा. तो यादीत आपोआप दिसला तरी हाताने जोडण्याचा पर्याय निवडून 'टीसीपी/आयपी ॲड्रेस' द्यावा, हे माझे मत. आपोआप जोडलेला प्रिंटर अनेकदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर बसतो आणि काही दिवसांनी चालू असूनही 'ऑफलाइन' दिसू लागतो. पत्ता देऊन जोडलेल्या प्रिंटरवरही असे झाले तर 'प्रिंटर प्रॉपर्टीज', 'पोर्ट्स', 'कॉन्फिगर पोर्ट' इथे जाऊन 'एसएनएमपी स्टेटस' वरील खूण काढावी.

यूएसबी प्रिंटर डेस्कटॉपवरून वाटणे

फक्त यूएसबी असलेला प्रिंटर डेस्कटॉपला जोडून वाटावा लागतो. जुन्या मार्गदर्शिकांत यासाठी 'होमग्रुप' बनवायला सांगितलेले आढळते, पण ती सोय विंडोज १० मधून २०१८ सालीच काढून टाकण्यात आली. ती शोधत बसू नये.

डेस्कटॉपवर प्रथम 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट' येथे संगणकाला छोटे, इंग्रजी अक्षरांतले, मोकळी जागा नसलेले नाव द्यावे; इथे ते 'हॉलपीसी' आहे असे समजू. मग 'नेटवर्क अँड इंटरनेट' मध्ये चालू जोडणीचे गुणधर्म उघडून ती 'प्रायव्हेट' करावी, आणि 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' खालील 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' मध्ये प्रायव्हेट नेटवर्कसाठी 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू करावे. जोडणी प्रायव्हेट करण्याचे हे काम लॅपटॉपवरही घरच्या वाय-फायपुरते करावे. कॅफे किंवा रेल्वे स्थानकातील वाय-फाय मात्र 'पब्लिक' च राहू द्यावे. यानंतर 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' मध्ये प्रिंटर निवडून 'प्रिंटर प्रॉपर्टीज' मधील 'शेअरिंग' वर जावे, 'शेअर धिस प्रिंटर' वर खूण करावी आणि 'इंकटँक' असे साधे नाव द्यावे. 'पॉवर' मध्ये डेस्कटॉप आपोआप झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करावी, आणि राउटरमध्ये डेस्कटॉपचाही पत्ता राखून ठेवावा.

इथवर सर्व सोपे असते. अडते ते पासवर्डपाशी. दुसऱ्या लॅपटॉपवरून प्रिंटर उघडताना विंडोज नाव आणि पासवर्ड विचारते, घरातला माणूस रोजचा चार आकडी पिन टाकतो आणि तो नाकारला जातो. पिन हा त्या एका यंत्रापुरताच असतो; नेटवर्कवरून तो चालत नाही. डेस्कटॉपच्या खात्याला पासवर्डच नसेल तरीही प्रवेश मिळत नाही, कारण बिनपासवर्डाच्या खात्याने नेटवर्कवरून आत येण्यास विंडोज मुळातच मज्जाव करते. यावर 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. सुरक्षेच्या दृष्टीने तो वाईट आहे, आणि विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून अशा पाहुण्या प्रवेशाला लॅपटॉपच नकार देतो, म्हणजे त्याचा उपयोगही होईलच असे नाही.

त्याऐवजी डेस्कटॉपवर केवळ छपाईसाठी एक स्थानिक खाते उघडावे. 'अकाउंट्स', 'अदर युजर्स' येथे नवे खाते जोडताना मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याचा पर्याय निवडावा, त्याला 'प्रिंट' असे नाव (इंग्रजी अक्षरांत) आणि खरा पासवर्ड द्यावा. मग प्रत्येक लॅपटॉपवर 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडून 'विंडोज क्रेडेन्शियल्स' मध्ये नवी नोंद करावी: पत्त्याच्या जागी हॉलपीसी, नावाच्या जागी हॉलपीसी\प्रिंट आणि तो पासवर्ड. ही नोंद एकदा झाली की पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही.

आता लॅपटॉपवर प्रिंटरचा ड्रायव्हर आधीच बसवून घ्यावा. २०२१ च्या जुलैमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची गंभीर त्रुटी उघड झाल्यानंतर मायक्रोसॉफ्टने नेटवर्कवरून ड्रायव्हर ओढून घेण्यास ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी सक्तीची केली, आणि मुलांच्या साध्या खात्यावरून प्रिंटर जोडला जात नाही तो बहुधा यामुळेच. ड्रायव्हर बसल्यावर 'रन' चौकटीत \\हॉलपीसी असे (अर्थातच इंग्रजी अक्षरांत) लिहून एंटर दाबावे, समोर येणाऱ्या प्रिंटरवर उजवी क्लिक करून 'कनेक्ट' निवडावे आणि एक चाचणी पान छापून पाहावे.

नाही छापले तर

शोध ठरावीक क्रमाने घ्यावा. सुरुवात लॅपटॉपवरून डेस्कटॉपच्या, किंवा वाय-फाय प्रिंटर असल्यास त्याच्या, पत्त्याला 'पिंग' देऊन, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'पिंग' आणि पुढे तो पत्ता लिहून, करावी. उत्तर आले तर वाट मोकळी आहे. उत्तर आले नाही तर लगेच निष्कर्ष काढू नये, कारण काही वेळा फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही. तरी दोन्हींचे पत्ते एकाच नेटवर्कमधले आहेत का, लॅपटॉप गेस्ट वाय-फायवर तर नाही ना, आणि वेगळा अँटिव्हायरस बसवला असेल तर त्याच्या फायरवॉलमध्ये घरचे नेटवर्क 'विश्वासू' म्हणून नोंदवले आहे ना, हे पाहावे. कार्यालयाचा लॅपटॉप व्हीपीएनवर (कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सुरक्षित वाटेवर) असेल तर त्याची सर्व वाहतूक कार्यालयाकडे जाऊ शकते आणि शेजारचा प्रिंटर त्याला अदृश्य होतो. व्हीपीएन तोडून छपाई करावी, किंवा फाइल बाहेर नेण्यास कार्यालयाची मनाई असल्यास तो नाद सोडावा.

पत्त्याने पोहोचता येते पण नावाने नाही, असे झाल्यास \\ नंतर नावाऐवजी पत्ताच लिहावा. त्यासाठी क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये त्या पत्त्याचीही नोंद लागते. 'नेटवर्क' फोल्डरमध्ये डेस्कटॉप दिसत नसेल तर डेस्कटॉपच्या सर्व्हिसेसमध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा 'ऑटोमॅटिक' करावी. तो तिथे न दिसताही छपाई चालू शकते, म्हणून याचा बाऊ करण्याचे कारण नाही.

जोडताना शेवटी ११बी असलेला त्रुटीचा क्रमांक आला तर तो त्याच २०२१ मधील सुरक्षा बदलांचा परिणाम असतो. दोन्ही संगणकांवर विंडोजचे सर्व अपडेट बसवावेत. तरीही भागले नाही तर रजिस्ट्रीत बदल करून ती सुरक्षा बंद करण्याचा उपाय सापडेल, पण त्याआधी एक सौम्य वाट वापरावी. लॅपटॉपवर हाताने प्रिंटर जोडताना 'लोकल प्रिंटर' निवडावा, नवे पोर्ट तयार करताना 'लोकल पोर्ट' हा प्रकार घेऊन पोर्टचे नाव म्हणून \\हॉलपीसी\इंकटँक लिहावे आणि यादीतून आधी बसवलेला ड्रायव्हर निवडावा. लॅपटॉपच्या दृष्टीने प्रिंटर आता स्वतःचाच असतो.

एखादे काम रांगेत अडकून पुढची सर्व कामे तुंबली तर, प्रिंटर वाटून दिलेला असल्यास, रांग डेस्कटॉपवरही साफ करावी लागते. सर्व्हिसेसमधील 'प्रिंट स्पूलर' थांबवावा, 'विंडोज', 'सिस्टिम३२', 'स्पूल', 'प्रिंटर्स' अशा क्रमाने आतल्या फोल्डरमध्ये जाऊन तेथील फाइली पुसाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. फोल्डर मात्र पुसू नये.

मोबाइल आणि इतर प्रणाली

अँड्रॉइडच्या आवृत्ती ८ पासून नेटवर्कवरील बहुतेक नवे प्रिंटर आपोआप सापडतात. आयफोनला एअरप्रिंट ही ॲपलची छपाईची सोय असलेला प्रिंटर लागतो. डेस्कटॉपवरून वाटलेला यूएसबी प्रिंटर मोबाइलला असा दिसत नाही. मॅकवर 'जनरल' मधील 'शेअरिंग' खाली प्रिंटर शेअरिंग आहे, आणि लिनक्सवर हे काम 'कप्स' ही छपाईची प्रणाली करते. जुना, मंद झालेला संगणक टाकून न देता त्यावर लिनक्स घालून तो केवळ छपाईसाठी ठेवणे हा चांगला उपयोग आहे, कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून तशी यंत्रे नेटवर्कवर दिवसरात्र चालू ठेवणे योग्य नाही.

नेटवर्कवरून छापताना मराठी पीडीएफमधील जोडाक्षरे तुटलेली किंवा वेलांट्या सरकलेल्या दिसल्या, आणि पडद्यावर मात्र सर्व ठीक असले, तर दोष बहुधा जोडणीचा नसून ड्रायव्हरने फाँट हाताळण्याचा असतो. ॲडोबी रीडरमध्ये छपाईच्या चौकटीतील 'ॲडव्हान्स्ड' मध्ये 'प्रिंट ॲज इमेज' वर खूण करून पुन्हा छापावे. पान पाठवायला थोडा अधिक वेळ लागतो, पण अक्षरे पडद्यावर दिसतात तशीच कागदावर येतात.